बरीच्या हाताखालचं रफू

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कोणाचा गैरसमज नको. माझी वस्तू त्यांनी आपली धरली, मला न विचारता तिला कात्री लावली आणि वर मलाच म्हणाले, "अहो, तुम्हीच तर दिलीत!" मी दिली नव्हती. निदान मला तरी आठवतं ते असंच. पण घरात मी सोडून सगळ्यांना उलटं आठवतं, आणि हल्ली त्या प्रसंगाचा विचार करायला लागलो की माझंच डोकं चालेनासं होतं.

वस्तू म्हणजे एक चित्र. जलरंगातलं, वहीच्या पानापेक्षा थोडं मोठं. त्यात इटलीतली एक शेतकरीण उभी आहे. आमच्या घरात तिचं नाव 'बरी'. ते नाव कसं पडलं ते सांगतोच.

वेम्बलीत माझं दुकान आहे, मुख्य रस्त्याला लागून असलेल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर. मी पारंपरिक कपडे भाड्याने देतो. शिवलेल्या नऊवाऱ्या, बांधलेले फेटे, नथी, ठुश्या, छोट्या मुलांची धोतरं. गणपतीत आणि लग्नाच्या दिवसांत जिन्यावर रांग लागते. इथे जन्मलेल्या मुलींना नऊवारी नेसता येत नाही, पण फोटो हवा असतो. त्यांना मी दोन मिनिटांत मराठी करून देतो. या देशात आलो तेव्हा एका गुजराती टेलरकडे काजं करत होतो. आज शिवणयंत्रं माझी आहेत, दुकान माझं आहे, आणि माझ्याशी घासाघीस करून कोणी जिंकून गेल्याचं मला आठवत नाही. माझा राग वाईट आहे, हेही मला ठाऊक आहे. बायको रोज सांगते.

दर रविवारी मी ईलिंगच्या बाजूला भरणाऱ्या जुन्या बाजारात जातो. लोक गाडीची डिकी उघडून घरातलं नको असलेलं सामान मांडतात. मला जुन्या लेस, बटणं, काठ हवे असतात. तिथे एक म्हातारी इंग्रज बाई पत्र्याची पेटी घेऊन बसली होती. आत जाड हातमागाचं कापड होतं, लाल आणि काळ्या पट्ट्यांचं, असं की आता विणणारा माणूस मिळायचा नाही. कापडाखाली पुठ्ठ्याचं एक बाड होतं, फितीने बांधलेलं.

"त्यात इटलीतल्या शेतकऱ्यांची चित्रं आहेत," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या घराण्यातली एक बाई रंगाची पेटी घेऊन गावोगाव हिंडायची. ही पेटीही तिचीच."

"चित्रं मला नकोत. नुसतं कापड द्या."

"नाही. दोन्ही एकत्रच राहिलं पाहिजे."

हे वाक्य मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवत आलो आहे. खपत नसलेली नथ खपवायची असली की मीही म्हणतो, हा सेट आहे, तोडता येणार नाही. मी मनात हसलो. तोंड वाकडं करून निघालो, चार पावलं गेलो, परत आलो, कापडावरचं रफू तिला बोट लावून दाखवलं, चित्रांवर पडलेले ओलीचे डाग दाखवले. शेवटी पेटी माझ्या भावात पडली आणि चित्रांचं बाड जवळजवळ फुकटात. तिने पेटी माझ्या हातात देताना पुन्हा म्हटलं, "एकत्र ठेवाल ना?" मी मान हलवली. समोरच्याकडे बघून मान हलवायला काही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते कापड कापलं.

यात मला तेव्हा काहीच वाटलं नाही. एका शाळेत मुलांनी आपापल्या देशाचे कपडे घालून यायचा दिवस होता आणि माझ्याकडे घागऱ्यांच्या ऑर्डरी होत्या. त्या कापडाचे सुरेख काठ निघाले. ते कापड म्हणजे एक एप्रन होता, कमरेला बांधायचा. नाड्या कुजल्या होत्या. गुडघ्याजवळ तळहाताएवढं रफू होतं, मोहरीच्या रंगाच्या दोऱ्याने केलेलं, लाल कापडावर मोहरी. कोणी आंधळ्याने केलं असावं किंवा मुद्दाम केलं असावं. पण टाके इतके बारीक होते की आंधळ्याचं ते काम नव्हतं. मी तो तुकडा कापून चिंध्यांच्या पिशवीत टाकला. पिशवी मंगळवारी कचऱ्याच्या गाडीत गेली.

चित्रांचं बाड उघडलं ते तीन-चार आठवड्यांनी, दुकान रिकामं होतं तेव्हा.

बावीस कागद होते. डोक्यावर पांढऱ्या कापडाची चौकोनी घडी ठेवलेल्या बाया, कोकराचं कातडं पांघरलेले पुरुष, पायाला चामड्याचे पट्टे गुंडाळलेला एक म्हातारा. कागदाच्या तळाशी पेन्सिलीने गावांची नावं. चेहरे घाईत काढलेले, पण कपडे असे की मी बसल्याजागी बेतून दिले असते. चोळीची लेस कुठून सुरू होते, बाहीला चुण्या किती, सगळं स्पष्ट. मी धंद्याच्या नजरेने बघत गेलो आणि सातव्या कागदावर थांबलो. लाल-काळ्या पट्ट्यांचा एप्रन. मग अकराव्यावर तोच. मग पंधराव्यावर. एकूण सहा बायका, सहा वेगळी गावं, एप्रन एकच. पट्टे मोजले. तेच, त्याच क्रमाने.

माझ्या दुकानातली एक हिरवी नऊवारी अशीच आहे. ती कोल्हापूरची होते, नागपूरची होते, पेशवाई होते, गिऱ्हाइकाला हवी ती. म्हणजे या बाईच्या पेटीतही तेच होतं. ती एप्रन बरोबर घेऊन हिंडायची आणि समोर येईल तिच्या कमरेला बांधायची. मला आधी खूप हसू आलं. बायकोला हाक मारली. "बघ, आपल्याच धंद्यातली निघाली!"

बायकोने शेवटचा कागद उचलला. त्यावरच्या बाईखाली पेन्सिलीने इंग्रजीत लिहिलं होतं, Bari. बायकोने सरळ मराठीत वाचलं. "बरी? कोण बरी आहे? ही? चांगली तर आहे की!"

मुलगी फोनवर होती. तिला ते ऐकून हसू आवरेना. "आई, तो गाव आहे. इटलीत आहे तो. सो फनी!" मुलीच्या मराठीत गावापासून नावापर्यंत सगळं पुल्लिंगी आहे, एवढ्या वर्षांत मी ते सोडून दिलं आहे. पण नाव पडलं ते पडलंच. बरी.

आणि बरीच्या हातात ते रफू होतं.

बरीने डावा हात गुडघ्यापाशी नेऊन एप्रनची चुणी चिमटीत धरली होती. बोटांच्या मधून मोहरी रंगाचे चार-पाच बारीक ठिपके दिसत होते. बाकी पाच चित्रांत त्या जागी नुसते पट्टे होते. फक्त इथे, बोटांच्या मध्ये, मोहरी. चित्रकार बाईने ते बघितलं होतं आणि रंगवलं होतं. पण बरी ते रफू झाकत होती की दाखवत होती?

मी भिंग आणलं. दिव्याखाली धरलं. एकदा वाटायचं, दुसऱ्याचं फाटकं नेसायला लागल्याची लाज वाटून ती हात ठेवून उभी आहे. एकदा वाटायचं, छे, ती चिमटीत धरून पुढे करते आहे, की बघ बाई, तू मला काय नेसवलंस ते नीट काढ. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तोंड बंद, भुवया किंचित वर. भाव पाडून मागणाऱ्याकडे मी जसा बघतो तशी.

मला याचा एवढा नाद का लागला, हे मी बायकोलाही धड सांगितलं नव्हतं. मला माझ्या आत्याने वाढवलं. हर्णैच्या बंदरावर ती मासळी विकायची. मी सहा-सात वर्षांचा असताना एक गोरा माणूस रंगाची पेटी घेऊन किनाऱ्यावर आला. आत्याच्या अंगावर नायलॉनची गोल साडी होती. त्याने खुणेने सांगितलं, ही नको. शेजारच्या म्हातारीच्या अंगावर जुनं लुगडं होतं, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, ते. म्हातारीने लुगडं दिलं, आत्या ते कासोटा घालून नेसून उभी राहिली. बंदरावरचा लिलाव होऊन गेला, टोपलीतली मासळी उन्हाने मऊ पडली. चित्र पाठवतो म्हणाला. पाठवलं नाही.

ते लुगडं गुडघ्यावर फाटलं होतं. आत्या ही गोष्ट दोन तऱ्हांनी सांगायची. मूड चांगला असला तर म्हणायची, "मी मुद्दाम हात काढला रे! म्हटलं, काढ, भोकासकट काढ!" आणि खो खो हसायची. मूड वाईट असला तर म्हणायची, "मेल्याने दुपारभर उभं केलं आणि मी दुपारभर हात धरून उभी, कोणाला फाटकं दिसू नये म्हणून." खरं कुठलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता ती नाही. ते चित्र कुठल्या देशात कुणाच्या भिंतीवर असेल, देव जाणे. म्हणून मला बरीचा हात बघायचा होता. एक ठरवता आलं असतं, तर दुसरंही ठरवता आलं असतं, असं काहीतरी माझ्या मनात होतं. हे लिहिताना वेडगळ वाटतं. पण होतं.

माझी मुलगी कार्डिफला दिली आहे. तिचे सासरे तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते, आता निवृत्त. सभ्य माणूस, हळू बोलणारा, दर गुरुवारी जलरंगाच्या वर्गाला जाणारा. त्यांना दाखवावं म्हणून मी बाड घेऊन गेलो. खरं सांगायचं तर थोडी मिजासही होती. एरवी त्यांच्या दिवाणखान्यात मी फेटेवाला असतो.

ते दोन दिवस चित्रांवरून उठले नाहीत. मी त्यांना एप्रनची गंमत दाखवली, ते म्हणाले, "वा, टेलरचा डोळा!" बरीचा हात दाखवायचा राहिला. किंवा मी दाखवला नाही. आत्याचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि विहीणबाई समोर चहा घेऊन बसल्या होत्या.

निघताना ट्रेनची वेळ झाली होती. मी कोट चढवला. व्याही बाड फितीने बांधून दारात घेऊन आले.

"हे तुमचं, घ्या."

"राहू द्या हो," मी म्हणालो. "बघा निवांत."

"छे छे, न्या तुम्ही. एवढी छान वस्तू."

"अहो, राहू द्या."

"नक्की?"

"राहू द्या म्हणतो ना!"

"बरं. राहू दे मग," ते म्हणाले आणि बाड परत आत नेलं.

आता हा शब्द मी जन्मभर वापरत आलो आहे. कोणी चहाचे पैसे द्यायला लागला तर राहू द्या. दुकानात एखादी मुलगी नथ काढून ठेवायला लागली तर राहू दे, घालूनच फोटो काढ. राहू द्या म्हणजे तुमच्याकडे असू द्या. कायमचं की पुढच्या खेपेपर्यंत, हे तो शब्द सांगत नाही, माणसाने समजून घ्यायचं असतं. मुलीच्या बापाने तिच्या सासरी उंबऱ्यावर उभं राहून तीनदा राहू द्या म्हटलं, तर त्याचा अर्थ काय? मला विचाराल तर, अर्थ एवढाच की मुलीच्या घरून हात हलवत जाणं बरं दिसतं, वस्तू परत मागून नेणं बरं दिसत नाही. मालकी सोडली असा नाही. पण ट्रेनमध्ये बायको म्हणाली, "देऊन टाकलीत? मला वाटलं, ती बरी तुम्हाला हवी होती."

"दिली कुठे? ठेवली."

"तुम्ही राहू द्या म्हणालात."

"मग? राहू द्या म्हणजे दिलं का?"

तिने खिडकीबाहेर बघितलं.

चार महिन्यांनी मुलीच्या वाढदिवसाला गेलो, तेव्हा जिन्याच्या वळणावर बरी होती. सोनेरी फ्रेममध्ये. व्याही मागे हात बांधून उभे.

"कसं दिसतंय? तुमचीच भेट!"

भेट हा शब्द मला तिथेच टोचला, पण त्याहून मोठं काहीतरी चुकलं होतं आणि मला क्षणभर ते कळेना. चेहरा तोच. डोक्यावरची घडी तीच. मग खाली बघितलं आणि खाली काही नव्हतं. चित्र मांडीशी संपत होतं. हात मनगटापर्यंत, पुढे बोटं नाहीत.

"बाकीची कुठाय?"

"बाकीची चित्रं वर कपाटात आहेत, सगळी जपून..."

"हिची! हिची बाकीची! गुडघे कुठे आहेत हिचे?"

"अच्छा, ते. फ्रेम तयार होती ना, त्या मापाला बसेना. आमच्या वर्गाच्या बाईही म्हणाल्या, खालचा भाग जड होतोय. मी चार बोटं कागद काढला. चेहरा कसा उठून दिसतोय बघा."

मी टेलर आहे. गिऱ्हाइकाचं कापड कापायच्या आधी मी तीनदा विचारतो. तयार फ्रेमसाठी माणूस कापणारा डॉक्टर मी पहिल्यांदा बघितला, आणि हे मी त्यांना त्याच शब्दांत, जिन्यावरून, खालच्या पाहुण्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. विहीणबाई म्हणाल्या, "मी म्हणत होते हो, एकदा फोन करून विचारा." जावई वर आला, परत खाली गेला.

मुलगी आली. "बाबा, प्लीज. तुम्ही स्वतः दिला ना तो चित्र?"

"मी ठेवायला दिला!" तिच्या नादाने मीही पुल्लिंगी बोलायला लागलो होतो. "दिलं! ठेवायला दिलं!"

"पण तुम्ही राहू द्या म्हणालात. आय वॉज देअर. राहू द्या मीन्स कीप इट."

"राहू द्या म्हणजे राहू द्या!"

"व्हॉट डझ दॅट ईव्हन मीन, बाबा?"

माझ्या भाषेतला शब्द, माझ्या तोंडचा, आणि त्याचा अर्थ मी तिला सांगू शकलो नाही.

व्याही बिचारे पांढरे पडले होते. बिचारे लिहिलं, खोडत नाही. मी विचारलं, "तो खालचा तुकडा कुठाय?" ते म्हणाले, "रिसायकलिंगमध्ये गेला असेल." दुसऱ्या आठवड्यात फोनवर म्हणाले, "जुना कागद रंग चांगला धरतो, म्हणून बहुतेक त्यावर ब्रश पुसले असतील." आणि जावई मुलीजवळ म्हणाल्याचं कळलं, की त्याच्या बाबांनी पुस्तकात खुणेसाठी पट्टी ठेवली होती, पण कुठल्या ते आठवत नाही. तीन उत्तरं. माझ्याकडे कोणी तीन उत्तरं दिली की मी समजतो, हा माणूस किंमत लपवतो आहे. पण इथे कोणी काही विकत नाही. मग ते लपवतात काय? की खरंच आठवत नाही? की माझ्या आवाजाला घाबरून जे तोंडाला येईल ते बोलतात?

रात्रंदिवस मी हिशेब मांडत बसत नाही, पण कात्री हातात घेतली की मनात येतंच. चित्रकार बाईने बरीला दुसऱ्याचा एप्रन बांधला, म्हणजे तिने फसवलं. पण तो एप्रन आधी कोणाचा होता? कदाचित बरीचाच असेल, आणि बाकीच्या पाचजणींना नंतर बांधला असेल. मग मोहरीचं रफू बरीने स्वतः केलेलं, आणि ती आपलीच वस्तू हातात धरून उभी. हे मला गेल्या महिन्यात पहिल्यांदा सुचलं. आणि सुचलं तेव्हा माझ्याकडे एप्रन नव्हता, रफू नव्हतं, चित्रातली बोटंही नव्हती.

त्या म्हातारीला शोधायला मी चार रविवार गेलो. ती आली नाही. तिने खरं सांगितलं होतं, दोन्ही एकत्र राहायला हवं होतं. मला ते विकायची युक्ती वाटली, कारण मी असतो तर ती युक्तीच असती.

बायको म्हणते, आता सोडा. मुलगी फोनवर पहिल्यासारखी बोलत नाही, हवापाणी बोलते. व्याह्यांनी बाकीचे एकवीस कागद पोस्टाने परत पाठवले, नीट, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून, बरीसुद्धा, फ्रेममधून काढून. वर चिठ्ठी, 'क्षमस्व'. बरी आता माझ्या बेतायच्या टेबलावर आहे. मनगटापर्यंत.

व्याहीबुवा, तुम्ही हे वाचाल. मराठी अंक तुमच्याकडे येतो, मला माहीत आहे. पत्र्याच्या पेटीतल्या कापडाला मी कात्री लावली, ते वर लिहिलं आहे, तुम्हालाही ते आजच कळतं आहे. कोणाला विचारलं नाही, आणि तो तुकडा कुठे गेला तेही सांगितलं आहे. मंगळवारी, कचऱ्याच्या गाडीत. माझं उत्तर एकच आहे आणि ते लाजिरवाणं आहे. तुमची तीन आहेत. मला एक द्या. कपाटं उघडा, पुस्तकं झटका, रंगाच्या डब्याखाली बघा, घरातल्या सगळ्यांना विचारा. ती चार बोटांची पट्टी कुठे आहे? आणि ती हाताला लागण्यासारखी नसेल, तर कापताना तुम्ही ती बघितली असेलच, डॉक्टर माणूस, तुमची नजर हातांवर जाते. ती बोटं रफू झाकत होती की दाखवत होती? याचं उत्तर तुम्हीच द्यायचं आहे. आणि या खेपेला 'राहू द्या' म्हणू नका.